टोनी डीब्रम : लाल झालेल्या समुद्रापासून पॅरिसपर्यंत

१ मार्च १९५४ ची पहाट. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी लिकिएपच्या उथळ पाण्यात आजोबा जाळं फेकत होते आणि नऊ वर्षांचा नातू बाजूला उभा होता. आधी लख्ख उजेड पडला, आवाज अजिबात नाही. मग धक्का आला. आकाश, पाणी, मासे, आजोबांच्या हातातलं जाळं, सगळं लाल झालं. सुमारे २०० मैलांवर, बिकिनी या त्याच द्वीपसमूहातल्या बेटावर, अमेरिकेनं १५ मेगाटनांचा ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला होता. नातवाचं नाव टोनी डीब्रम. पुढे मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री झाल्यावर जागतिक परिषदांमध्ये ते भाषणाची सुरुवात अनेकदा याच आठवणीनं करत.

डीब्रम हे आडनाव पोर्तुगीज. अझोर्स बेटांवरून आलेल्या जोझे डीब्रम नावाच्या खलाशानं १८७७ मध्ये लिकिएप विकत घेतलं होतं. त्यानंतर या बेटांवर जर्मनीचा, मग जपानचा अंमल आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती ‘विश्वस्त प्रदेश’ म्हणून अमेरिकेच्या हवाली केली. विश्वस्तानं तिथं १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या.

देश केवढा? २९ कंकणद्वीपं (प्रवाळांची कड्यासारखी बेटं) आणि पाच सुटी बेटं मिळून जमीन जेमतेम १८१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या एक-तृतीयांशही नाही. समुद्रसपाटीपासून सरासरी उंची साधारण दोन मीटर. विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या पहिल्या मोजक्या मार्शलवासीयांत डीब्रम होते, त्यामुळे स्वातंत्र्याच्या वाटाघाटी त्यांच्या वाट्याला तरुणपणीच आल्या. १९७९ मध्ये राज्यघटना आली, तेव्हा ते परराष्ट्रमंत्री झाले. १९८६ मध्ये अमेरिकेशी ‘मुक्त सहयोग करार’ लागू झाला. अणुचाचण्यांच्या भरपाईसाठी त्यात १५ कोटी डॉलरचा निधी होता.

माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली या करारात आहे. किरणोत्सारी राख नेमकी किती दूर पसरली होती, याची अमेरिकी कागदपत्रं खुली झाली ती १९९० च्या दशकात, म्हणजे सह्या होऊन गेल्यावर. करारानुसार नेमलेल्या खुद्द भरपाई लवादानं नंतर दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ठरवली, पण ती देण्याएवढा पैसा निधीत नव्हताच. समोरच्याकडे सगळी कागदपत्रं आणि आपल्याकडे फक्त सही करण्याचा हक्क, अशा टेबलावर बसण्याचा हा अनुभव होता. त्यानंतर डीब्रम यांनी दुसऱ्यांचेच करार आणि नियम काढून त्यांच्यासमोर ठेवण्याची सवय लावून घेतली.

एप्रिल २०१४ मध्ये मार्शल बेटांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध अर्ज केले. पैशांची मागणी नव्हती. अण्वस्त्रं मोडीत काढण्यासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचं बंधन पाळा, एवढंच म्हणणं होतं. न्यायालयाचा अधिकार ज्यांनी आधीच मान्य केला होता, त्या तिघांवरचे खटले तेवढे पुढे सरकले : ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. ५ ऑक्टोबर २०१६ ला ते फेटाळले गेले. अर्ज केला त्या वेळी दोन्ही पक्षांत ‘वाद’च अस्तित्वात नव्हता, हे कारण. भारताच्या बाबतीत मतं पडली ९ विरुद्ध ७. ब्रिटनच्या बाबतीत ८-८, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल.

तोवर दुसरी, हवामानबदलाविरुद्धची लढाई होऊन गेली होती. २०१५ च्या उन्हाळ्यापासून डीब्रम काही मंत्र्यांना परिषदांच्या आडोशाला, गाजावाजा न करता भेटवत होते. श्रीमंत युरोप एकीकडे आणि गरीब देश दुसरीकडे, ही नेहमीची रांग त्यांना मोडायची होती. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेत हा गट ‘उच्च महत्त्वाकांक्षा आघाडी’ म्हणून उघडपणे पुढे आला. अमेरिका त्यात आली, शेवटच्या टप्प्यात ब्राझीलही आला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांच्या नेतृत्वाखालचं भारतीय शिष्टमंडळ मात्र बाहेरच राहिलं. शेवटच्या दिवशी आघाडीतले मंत्री कोटावर नारळाच्या पातीची छोटी पट्टी लावून सभागृहात शिरले. तापमानवाढ १.५ अंशांपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करण्याचं कलम करारात आलं. गंमत अशी, की हे सगळं घडवणारा मंत्री नोव्हेंबरमध्येच मायदेशातली निवडणूक हरला होता.

आणखी एक प्रकरण सहसा सांगितलं जात नाही. मार्शल बेटांचा झेंडा लावून जगातली हजारो मोठी जहाजं फिरतात, नोंदणीचा कारभार मात्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो. जहाजांच्या धुराला मर्यादा घालणं म्हणजे स्वतःच्याच उत्पन्नाशी खेळणं. तरी मे २०१५ मध्ये डीब्रम स्वतः लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (जहाजवाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या) बैठकीत गेले आणि ठोस लक्ष्य मागितलं. तेव्हा विषय पुढे ढकलला गेला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी मार्शल बेटांची राजधानी माजुरोत ते वारले. संघटनेनं २०५० पर्यंत उत्सर्जन किमान निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य स्वीकारलं, ते एप्रिल २०१८ मध्ये.