इंजिन ब्लॉक हीटर

कडाक्याच्या थंडीत उभ्या राहिलेल्या वाहनाचे इंजिन सुरू करण्यापूर्वी विजेवर कोमट करून घेण्याचे साधन. कॅनडा, अलास्का, फिनलंड या प्रदेशांत ते रूढ आहे. उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास ऑइल घट्ट होते, बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि डिझेल इंजिनात दाबाने तापलेली हवा गार धातूमुळे निवून इंधन पेट घेत नाही.

शोधाचे श्रेय सामान्यतः नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांना देतात. सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्याजागी तापणारी तार घातलेला पोकळ बोल्ट बसवण्याच्या त्यांच्या रचनेला १९४९ मध्ये पेटंट मिळाले. तथापि रात्री ऑइल काढून शेगडीजवळ ठेवण्याची चाल त्याआधीची असल्याने, त्यांना मूळ कल्पनेपेक्षा या विशिष्ट रचनेचे जनक म्हणणे अधिक रास्त वाटते.

पुढे हीटर ब्लॉकमधील, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव मुख्य भागातील, कोअर प्लगच्या जागी बसू लागला. या प्लगला ‘फ्रॉस्ट प्लग’ म्हणतात व इंजिन गार ठेवणारे पाणी गोठल्यास तो निसटून ब्लॉक वाचावा यासाठीच असतो, असा समज आहे. तो बरोबर नाही. ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवतात; त्याला आधार देणारी आणि ओतकामानंतर वाळू झटकून काढायची भोके बुजवण्यासाठी ही वाटीसारखी चकती ठोकतात. किर्लोस्करवाडी किंवा सातारा रोड येथील फाउंड्रीत काम केलेल्यास हे सांगावे लागत नाही. प्लग कधी निसटतोही, पण त्याच्या भरवशावर अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारे द्रव) टाळणे घातक ठरते.

मोटारींचे हीटर बहुधा ४०० ते १,००० वॉटचे असतात व ते दोन ते चार तास चालू ठेवणे पुरेसे होते. कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) भरण्यापूर्वी वीज दिल्यास कॉइल जळते.

सातारा-सांगलीत याची गरज पडत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तरी तेवढ्या थंडीत इंजिन अडत नाही. कृष्णाकाठच्या जुन्या ऑइल इंजिनांना मात्र थंडीच्या पहाटे हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून हँडल मारीत. आत जाणारी हवाच तापवण्याचा तो उपाय होता.

लडाखमध्ये वाहने चालवणाऱ्या, लष्करात गेलेल्या सातारकरांपुढे आणखी एक अडचण असते. हीटरने ब्लॉक तापतो, टाकी नव्हे. तेथे डिझेलमधील मेण साकळून फिल्टर तुंबतो. त्यासाठी २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तेथे मिळते.