राज्याची 'राष्ट्रीय' उद्याने आणि कलम २० : पार्श्वभूमी

ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवली ही महाराष्ट्रातली सहा राष्ट्रीय उद्याने. 'राष्ट्रीय' शब्दामुळे ती दिल्लीच्या अखत्यारीत असावीत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील कलम ३५ नुसार उद्यान घोषित करते ते राज्य सरकार, आणि तिथे गस्त घालणारा वनरक्षकही राज्याच्याच पगारावर असतो. उद्यान मोठे आणि अभयारण्य छोटे, असाही नियम नाही. फरक हक्कांचा आहे. अभयारण्यात जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून एखादा जुना हक्क चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानात ही मुभाच नाही आणि गुरे चारायला सरळ बंदी आहे.

यातली दोन उद्याने महाराष्ट्र राज्यापेक्षा जुन्या कायद्यांतून आली. बोरिवलीचे मूळ मुंबई राज्याच्या १९५० च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यात आहे. ताडोबा १९५५ मध्ये घोषित झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ चे. ते रान कोल्हापूर संस्थानाच्या शिकारीसाठी राखलेले. म्हणजे सुरुवातीच्या बहुतेक जागा आधीच सरकारी राखीव जंगल होत्या. तिथे कोणाचा चराईचा हक्क, कोणाची वाट, याचा निवाडा वन कायद्याखाली कधीच होऊन गेला होता. वर नवी पाटी लावली की काम भागत असे.

पाण्याचा हिशेब मात्र पाटीच्या आधीचा आहे. विहार तलाव १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. मुंबईला पाणी देणाऱ्या या दोन्ही तलावांभोवतीचे रान आज बोरिवली उद्यानाच्या हद्दीत येते. कोयना आणि चांदोलीत तर धरणांचे पाणलोटच संरक्षित झाले. उतारावर झाडोरा टिकला की धरणात गाळ कमी येतो. उद्यानांचा सार्वजनिक उपयोग म्हटले की सफारीच्या जिप्सीच आठवतात, हा आपल्या नजरेचा दोष.

जमीन सरकारी नव्हती तिथे काय झाले, हे सोलापुरात दिसते. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राच्या साडेतेरा पट. त्यात माळ आणि वनजमीन थोडी. बाकी शेतं, गायरानं, रस्ते, गावठाणं, करमाळ्यासारखी शहरेसुद्धा.

पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर एवढी मोठी रेघ ओढण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. माळढोक एका कुरणात बसून राहत नाही. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. नराला नाचायला आखूड गवताचा, जरा उंचवट्याचा माळ लागतो, आणि चरायला ज्वारीचे, भुईमुगाचे शेत किंवा पडीक रान. हे सगळे खासगी सातबाऱ्यांवर विखुरलेले. पण कायद्याचे हत्यार जंगलासाठी घडवलेले होते.

अडचण कलम २० ची. अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर करणारी कलम १८ ची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळत नाही. खरेदीखत अडते, बँक तारण घ्यायला कचरते. ही बंदी तात्पुरती असावी, मधल्या काळात निवाडा व्हावा, असा कायद्याचा हेतू. जिल्हाधिकाऱ्याने स्थानिक भाषेत उद्घोषणा काढायची, दाव्यांसाठी दोन महिने द्यायचे, मग प्रत्येक दाव्याची चौकशी करून जमीन वगळायची, संपादित करायची किंवा हक्क चालू ठेवायचा. आज कायद्यात यासाठी शक्यतो दोन वर्षे सांगितली आहेत. पण दोन जिल्ह्यांतल्या असंख्य गट नंबरांचा निवाडा करायला माणसे कुठून आणणार? संपादनाचा पैसा कुठून? फाइल थांबली आणि तात्पुरती बंदी वर्षानुवर्षे राहिली.

त्याच सुमारास, १९८० मध्ये, उजनी धरण पूर्ण झाले. कालव्याचे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, आणि उसात माळढोकाला काही काम नाही. उरलेल्या माळांवर सरकारी योजनांतूनच गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. 'पडीक' जमीन हिरवी झाली आणि गवताळ माळ गेला. गवताळ माळाला ओसाड म्हणण्याची आपली सवय या पक्ष्याला बंदुकीइतकीच महागात पडली आहे. शेतकऱ्याच्या लेखी मात्र 'अभयारण्य' म्हणजे व्यवहार अडवणारा शेरा, एवढेच उरले.

हद्द कमी करावी म्हटले तर तेही सोपे राहिले नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने विधिमंडळाचा ठराव आवश्यक केला. २००२ च्या दुरुस्तीने त्याजागी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आली. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रखडलेले हक्कनिवाडे वर्षभरात संपवायला सांगितले होते, आणि नोव्हेंबर २००० मध्ये आपल्या परवानगीशिवाय कुठलेही उद्यान वा अभयारण्य वगळू नये असा आदेश दिला. त्यामुळे सोलापूरची फेरआखणी व्हायला २०१२ च्या आसपासचा काळ उजाडला. उरले सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर, मूळ क्षेत्राच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. याला पक्ष्याची जागा काढून घेतली असेही म्हणतात आणि कागद जमिनीशी जुळवला असेही. दुसरे म्हणणे अधिक पटते. गेलेली जागा प्रत्यक्षात कधी राखलीच गेली नव्हती. पण ही आखणी तीस वर्षे आधी झाली असती तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज पक्षी दिसण्याची बातमी झाली नसती.

मालवणच्या सागरी अभयारण्याची (१९८७, २९.१२ चौरस किलोमीटर) कहाणी याच वळणाची आहे. फक्त तिथे सातबाऱ्याऐवजी मासेमारीचा प्रश्न होता.

नंतरचा भर छोट्या आणि वेगळ्या प्रकारच्या क्षेत्रांवर आला. २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' हा प्रकार आणला. तो फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी बोलून घोषित करता येतो. शिकारबंदी लागते, आग लावायला मनाई लागते. कलम २० लागत नाही. दोडामार्ग तालुक्यातला तिलारी २०२० मध्ये याच कलमाखाली घोषित झाला, क्षेत्र २९.५३ चौरस किलोमीटर. अभयारण्यांभोवतीच्या पट्ट्याचा वाद मात्र चालूच आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट किमान एक किलोमीटरचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा सांगितला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश सैल केला. मधल्या दहा महिन्यांत गावोगाव पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच : खरेदीखत होणार की नाही?