न खेळलेल्याचे गुण : फँटसी बेसबॉलमधला शून्य आणि रिकामा रकाना

फँटसी बेसबॉलमध्ये ‘मालक’ खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बांधतो; खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवरून प्रत्येक रकान्यात संघांचे क्रमांक लागतात आणि त्यावर गुण मिळतात. 1980 साली न्यूयॉर्कमधल्या काही मित्रांनी आठ रकान्यांची अशी लीग सुरू केली, तेव्हा न खेळलेल्या खेळाडूचा प्रश्न बेरजेतच मिटत होता. होम रन, आरबीआय (फलंदाजाच्या खेळीमुळे आलेल्या धावा), चोरलेले बेस, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावरचे विजय आणि सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी) हे नुसते मोजायचे रकाने. खेळला नाही तर भर शून्य. पण बॅटिंगची सरासरी, ईआरए (पिचरने नऊ इनिंगांमागे दिलेल्या, क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून मोजलेल्या ‘अर्न्ड’ धावा) आणि इनिंगमागे दिलेले हिट व वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) हे भागाकाराचे रकाने. तिथे न खेळणारा शून्य आणत नाही, काहीच आणत नाही.

गोम इथेच आहे. 900 इनिंगांत 340 अर्न्ड धावा म्हणजे ईआरए 3.40. एखाद्या पिचरने 3 इनिंगांत 6 धावा दिल्या की तो 3.45 होतो. सीझनच्या शेवटी एवढ्याने एक-दोन क्रमांक घसरतात, म्हणून आघाडीवरचे मालक पिचर बसवूनच ठेवू लागले. त्यावर किमान इनिंगांची अट आली. काही लीगमध्ये ती सीझनला 1,000 असते. 990 वर अडकलात तर ईआरए कितीही सुंदर असो, त्या रकान्यात शेवटचा क्रमांक.

फलंदाजांकडे उलट, वरची मर्यादा लागली : प्रत्येक जागेला 162 सामने. तुमचा एखादा फलंदाज खऱ्या सामन्यात बेंचवर बसून नवव्या इनिंगमध्ये फक्त बदली धावपटू म्हणून उतरला, तरी बहुतेक ठिकाणी त्या 162 पैकी एक सामना खर्ची पडतो. त्या दिवशी तो अजिबात खेळला नसता तर बरं झालं असतं.

फँटसी संघातली जखमींची वेगळी जागाही अशीच काटेकोर. ती खऱ्या संघाच्या अधिकृत जखमी-यादीवर चालते. पाठ धरली म्हणून चार दिवस बसवलेला खेळाडू त्या यादीत नसेल, तर तुमची नेहमीचीच जागा अडवतो. यादीची किमान मुदत 2017 मध्ये 15 दिवसांवरून 10 झाली आणि 2022 मध्ये पिचरसाठी पुन्हा 15.

रोजच्या बक्षिसांच्या स्पर्धा 2009 नंतर वाढल्या आणि शून्य महागलं. क्रिकेटमध्ये टॉसनंतर अकरा नावं कळतात. इथे बॅटिंग ऑर्डर प्रत्येक सामन्याची वेगळ्या वेळी येते, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सामना संध्याकाळच्या पहिल्या सामन्यानंतर तीन तासांनी सुरू होतो. सगळा संघ दिवसाच्या पहिल्या सामन्याच्या पहिल्या चेंडूलाच लॉक होत असेल, म्हणजे त्यानंतर बदल बंद होत असतील, तर उशिरा वगळलेल्या फलंदाजाचं शून्य गळ्यात पडतं. जागा सामन्यागणिक लॉक होत असतील तर बदल करता येतो. पण त्यासाठी उशिराचा खेळाडू सुरुवातीपासूनच युटिलिटीच्या जागी (जिथे कोणताही फलंदाज चालतो) ठेवावा लागतो. त्याला शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) जागी टाकला, तर बदलीही शॉर्टस्टॉपच शोधावा लागतो.

सगळ्यात मोठा घोळ स्थगित सामन्यांचा. 15 मे 2018 रोजी वॉशिंग्टनमध्ये यँकीजविरुद्धचा सामना सहाव्या इनिंगमध्ये 3-3 वर पावसाने थांबला. उरलेला भाग 18 जूनला झाला. मधल्या काळात, 20 मे रोजी, वॉशिंग्टनच्या एका 19 वर्षांच्या फलंदाजाने पदार्पण केलं होतं. जूनमध्ये तो बदली फलंदाज म्हणून आला, दोन धावांचा होम रन मारला आणि सामना 5-3 असा जिंकला. अधिकृत नोंदीत तो होम रन 15 मेच्या तारखेला आहे, म्हणजे पदार्पणाच्या पाच दिवस आधी!

आता गुण कुणाला? आकडे मूळ तारखेला लावले, तर 15 मेला तो मोठ्या लीगमध्ये आलाच नव्हता. ज्यांनी जूनमध्ये त्याला खेळवलं त्यांना काहीच नाही. खेळला त्या दिवसाला लावले, तर फँटसीचा तक्ता आणि अधिकृत नोंद जुळत नाही. रोजच्या स्पर्धांची बक्षिसं तर केव्हाच वाटून झालेली असतात. मूळ तारखेचा आग्रह नोंदवहीसाठी योग्य आहे, पण स्पर्धेसाठी तो अन्यायाचाच आहे. मालक निर्णय घेतो तो त्या दिवशीच्या यादीवर.

2020 पासून हे प्रसंग वाढले. आधी पाचव्या इनिंगपूर्वी पावसाने बंद पडलेला सामना पुसला जाऊन नव्याने खेळवला जाई. आता तो थांबलेल्या ठिकाणाहून पुढे चालू होतो. 26 जून 2024 ला बोस्टनमध्ये दुसऱ्या इनिंगमध्ये थांबलेला सामना 26 ऑगस्टला पुन्हा सुरू झाला, तोवर टोरोंटोचा कॅचर बोस्टनकडे गेला होता. तो एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळला. लीग सुरू करतानाच नियमात एक ओळ घालून ठेवावी : स्थगित सामन्याचे पुढचे आकडे कोणत्या तारखेला, आणि मालकी कोणत्या दिवसाची धरायची.