अंगणात उभा ट्रक आणि ‘मालक’ या शब्दाचा घोळ

घरी कारचे ऑइल बदलणारा माणूस कायद्याच्या चांगला ओळखीचा आहे. घरी ट्रकचे ऑइल बदलणारा समोर आला की कायदा जरा गोंधळतो. अमेरिकेत १९९२ साली वापरलेल्या ऑइलच्या विल्हेवाटीचे नियम आले, तेव्हा त्यांत ‘घरच्या घरी स्वतः काम करणारा’ अशी वेगळी वर्गवारी केली गेली. आपल्या खासगी गाडीची देखभाल करताना निघालेले काळे ऑइल या वर्गात मोडते आणि गॅरेजवाल्याला पाळाव्या लागणाऱ्या अटी त्याला लागत नाहीत. कारच्या ४-५ लिटरसाठी हे सोपे आहे. पण एकच ट्रक असलेला, तो स्वतःच चालवणारा आणि सुट्टीच्या दिवशी घरामागे त्याच्याखाली आडवा होणारा माणूस एका वेळी ३५-४० लिटर काढतो. गाडी त्याचीच, अंगणही त्याचेच, काम मात्र पोटापाण्याचे. मग ते ऑइल घरचे की धंद्याचे?

प्रश्न ऑइलपुरताच असता तर इतके लिहायची गरज नव्हती. ट्रकच्या घरगुती दुरुस्तीचा गेल्या ५० वर्षांचा प्रवास पाहिला तर जवळजवळ प्रत्येक वळणावर हीच अडचण आडवी येते. ग्राहकासाठी केलेले कायदे ट्रकला ‘धंद्याचे वाहन’ म्हणून दाराबाहेर ठेवतात. धंद्यासाठी केलेले नियम, समोर मोठी कंपनी, तिचे वर्कशॉप आणि पगारी मिस्त्री आहेत असे धरून चालतात. एका ट्रकचा मालक दोन्ही घरी पाहुणा.

त्याआधीचा काळ थोडक्यात उरकता येतो. १९०८ पासून विकल्या जाणाऱ्या आणि शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतलेल्या एका स्वस्त कारचा लांब, दणकट अवतार १९१७ मध्ये एक टनी ट्रक म्हणून बाजारात आला. ज्या पान्यांनी कार उघडायची त्याच पान्यांनी तो उघडायचा. दुसऱ्या महायुद्धात ट्रक प्रचंड संख्येने बनले, रोजची तपासणी आणि ग्रीसिंग चालकालाच शिकवले गेले, आणि युद्ध संपल्यावर ते ट्रक आणि ती माणसे दोन्ही नागरी रस्त्यावर आली. डिझेल ट्रक १९२० च्या दशकातले. १९२७ पासून इंजिनात दाबाने डिझेल सोडणारे इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागले, तेव्हा डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्याला लागले.

यांत्रिक डिझेल इंजिनाची एक गंमत होती. त्याला स्पार्क लागत नाही. एकदा सुरू झाले की डिझेल आणि हवा मिळेपर्यंत ते चालत राहते, वायरिंग असो वा नसो. त्यामुळे बंद पडले तर शंका घ्यायच्या जागा मोजक्याच. टाकीत डिझेल आहे का, फिल्टर चोंदला आहे का, लाइनमध्ये हवा शिरली आहे का. हॅन्ड पंप मारायचा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की आवळायचा. हे काम एकदा पाहिलेल्याला जन्मभर जमते. टॅपेट सेट करणे, ब्रेक जवळ घेणे, पाट्यांचे बुश बदलणे, किंगपिनला ग्रीस मारणे ही कामेही अंगणातच होत.

तरी त्या काळाचे जे गोडवे गायले जातात ते अर्धवट आहेत. इंजेक्शन पंप घरात कधीच दुरुस्त झाला नाही. तो उतरवून कॅलिब्रेशनच्या बेंचवर न्यावाच लागे, आणि बेंच पंपवाल्याकडे. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवणाऱ्या पिढीने लायनरमधला अ‍ॅस्बेस्टस छातीत भरून घेतला. आणि रिंगवाली चाके. तुकड्यांत बनलेल्या त्या रिमची रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी सुटते. अमेरिकेत १९८० साली अशी चाके पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची सक्ती आली. तीही कामाच्या ठिकाणी, मालक-नोकर नात्यासाठी. अंगणात एकट्याने हवा भरणाऱ्याला तो नियम लागू नव्हता, रिंग मात्र त्याच्याही समोर तीच होती.

पहिला मोठा कायदेशीर फाटा १९७५ चा. अमेरिकेच्या वॉरंटी कायद्याने उत्पादकाला सांगितले की आमचेच फिल्टर, आमचेच ऑइल वापरा नाहीतर वॉरंटी गेली, अशी अट ग्राहकावर लादता येणार नाही. ते भाग फुकट देत असाल तर गोष्ट वेगळी. घरी काम करणाऱ्यांसाठी हा कायदा आजही ढालीसारखा वापरला जातो. पण तो लागू होतो सर्वसाधारणपणे घरगुती, कौटुंबिक वापरात असणाऱ्या वस्तूंना. पिकअप त्यात बसतो. मालवाहू मोठा ट्रक बसत नाही. ‘ट्रक’ या एका शब्दाखाली पिकअपपासून १८ चाकीपर्यंत सगळे येत असल्याने या कायद्याचा हवाला अनेकदा चुकीच्या गाडीसाठी दिला जातो.

यानंतर इलेक्ट्रॉनिक्स. अवजड डिझेल इंजिनांवर संगणकी नियंत्रण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दिसू लागले. कॉमन रेल पद्धत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, प्रत्यक्ष विक्रीच्या वाहनात पहिल्यांदा आली ती १९९५ मध्ये, एका जपानी ट्रकवर. कारला ती १९९७ मध्ये मिळाली. म्हणजे या बाबतीत ट्रक पुढे होता. सुरुवातीला साधारण १,२०० बार असलेला दाब आज २,००० बारच्या वर गेला आहे. जुन्या इंजिनात गळती बोटाने चाचपून पाहायची सवय असलेल्यांनी ती सवय सोडलेली बरी, कारण या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि जखम टाचणीएवढी दिसत असली तरी हात गमवायची पाळी येऊ शकते. शिवाय नवा इंजेक्टर बसवणे म्हणजे आता फक्त बोल्ट आवळणे राहिले नाही. अनेक इंजिनांत त्याच्यावर छापलेला कोड इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो. पाना तुमच्याकडे आहे, कोड इंजेक्टरवर आहे, आणि तो भरायचे सॉफ्टवेअर तिसऱ्याकडे.

बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर जिथे जोडतात त्या सॉकेटचीही तीच कथा. कार आणि हलक्या ट्रकसाठी १६ पिनांचे प्रमाणित सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या कारचे कोड वाचणारा साधा स्कॅनर घरोघरी पोहोचला. अवजड इंजिनांसाठी तशी निदानव्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली, २०१३ मध्ये पूर्ण झाली. १५ वर्षांहून जास्त अंतर! मधल्या काळात ट्रकला आधी ६ पिनांचे, मग ९ पिनांचे गोल सॉकेट होते. पुढे संदेशवहनाचा वेग सेकंदाला २,५०,००० बिटवरून दुप्पट झाला, तेव्हा ९ पिनांच्या सॉकेटचा रंग काळ्याचा हिरवा झाला आणि जुनी केबल त्यात शिरू नये म्हणून एक भोक मुद्दाम लहान ठेवले गेले. कोड वाचणे त्यामानाने सोपे. एक आकडा कोणता भाग ते सांगतो, दुसरा बिघाड कशा प्रकारचा ते. अडते ते आज्ञा देताना. उभ्या ट्रकवर काजळीचा फिल्टर जाळून मोकळा कर, हा सेन्सर नवा बसवला आहे हे मान्य कर, असे इंजिनाला सांगायला बहुतेकदा उत्पादकाचेच सॉफ्टवेअर लागते.

काजळीचा फिल्टर अमेरिकेतल्या ट्रकवर २००७ च्या मानकांबरोबर आला, युरिया २०१० च्या. युरोपात युरिया त्याआधी, २००५ च्या सुमारास. ३२.५ टक्के युरियाचे द्रावण धुराड्यात फवारले की नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात. द्रावण संपले, भेसळीचे निघाले किंवा सेन्सरला तसे वाटले, तर ट्रक आधी ताकद कमी करतो आणि शेवटी ताशी ८ किलोमीटरवर आणतो. यातला ‘सेन्सरला तसे वाटले’ हा भाग मालकांच्या रागाचे मूळ आहे. भाग ठीक, द्रावण ठीक, तरी ट्रक रांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या प्रदूषण नियामकाने मार्गदर्शन काढले की २०२७ च्या मॉडेलपासून अशी अचानक ताकद जाऊ नये आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे सॉफ्टवेअरही सुधारावे.

आता त्या निर्णयाकडे, ज्याच्याभोवती अजूनही सर्वांत जास्त वाद होतो. १९९८ चा अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायदा गाणी आणि चित्रपटांच्या चोरीसाठी केलेला. त्यातल्या एका कलमाने सॉफ्टवेअरवरचे कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरवला, आत काही चोरलेत की नाही हा प्रश्न नंतरचा. ट्रकच्या इंजिनातही सॉफ्टवेअर असते आणि त्यालाही कुलूप असते. म्हणजे स्वतःच्या ट्रकचा बिघाड शोधायला ते कुलूप उघडणारा मालक गाणी चोरणाऱ्याच्या रांगेत उभा राहिला. कायद्यात दर ३ वर्षांनी अपवाद मागायची सोय आहे. २०१५ च्या फेरीत वाहनांसाठी तो मागितला गेला.

विरोध दोन बाजूंनी झाला. शेतीयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीने मांडले की ग्राहकाला सॉफ्टवेअर विकलेलेच नाही. वाहन चालेल तोवर ते वापरायचा गर्भित परवाना त्याला मिळतो, एवढेच. लाखोंचे यंत्र घेतलेल्याला हे ऐकून काय वाटले असेल ते सांगायला नको. दुसरा विरोध प्रदूषणाच्या नियामकाचा. कुलूप उघडले की लोक दुरुस्ती कमी आणि ताकद वाढवायचे उद्योगच जास्त करतील, असे त्याने जुलैत लेखी कळवले. दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, एका बड्या जर्मन कारउत्पादकाने स्वतःच चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत भरल्याचे उघड झाले. कुलूपबंद सॉफ्टवेअर प्रामाणिक असते हा समज त्या आठवड्यात मोडला. तरी नियामकाची भीती खोटी होती असे म्हणता येत नाही: त्याच्याच २०२० च्या अंदाजानुसार आधीच्या साधारण दशकभरात ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधली प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकली गेली होती.

ऑक्टोबर २०१५ मध्ये अपवाद मंजूर झाला. त्यात खासगी कार, व्यापारी मोटारवाहन आणि शेतीचे वाहन ही तिन्ही नावे एका ओळीत आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अंगणातला ट्रक आणि अंगणातली कार इथे प्रथमच एकाच पंगतीला बसले. निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांसाठी कुलूप उघडता येईल, मात्र प्रदूषण व सुरक्षेचे नियम मोडता येणार नाहीत, आणि मनोरंजनाच्या व दूरसंपर्काच्या (गाडीची माहिती बिनतारी बाहेर पाठवणाऱ्या) यंत्रणांना हात लावता येणार नाही. अंमल १२ महिन्यांनी.

घोळ पुढच्या शब्दात होता: ‘अधिकृत मालक’. कुलूप उघडायचे ते मालकाने, स्वतः. शेजारच्या जाणकाराने नाही, पैसे देऊन बोलावलेल्या मिस्त्रीने तर नाहीच. एका ट्रकचा मालक, जो दिवसाचे १०-१२ तास रस्त्यावर असतो, त्याने इंजिनाच्या संगणकाची सुरक्षा स्वतः भेदावी अशी ही अपेक्षा. बरे, मालक तरी कोण? कर्जाचा हप्ता चालू असलेला? भाड्याच्या करारावर ट्रक घेतलेला? कंपनीच्या नावावर ट्रक असलेला, पण ती कंपनी म्हणजे तो एकटाच? ‘अधिकृत’ या विशेषणाने उत्तर द्यायचे सोडून प्रश्नच वाढवले. पाना हाती असलेल्या माणसाला हक्क देताना त्याचा मदतनीस काढून घेतला गेला, आणि ट्रकचे काम तर एकट्याचे क्वचितच असते. गिअरबॉक्स उतरवायला दोन माणसे लागतातच.

२०१८ च्या फेरीत ‘अधिकृत मालक’ ही अट गळाली आणि दुसऱ्याकडून काम करून घेण्याची वाट मोकळी झाली. दूरसंपर्क यंत्रणेवरचे बंधनही सैल झाले.

याच काळात राज्यांच्या पातळीवर दुसरी लढाई चालू होती. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काला, म्हणजे उत्पादकाने दुरुस्तीची माहिती खुली करण्याला, कौल दिला. कारउत्पादकांनी पुढे देशभरासाठी करार केला. ट्रकला त्यासाठी वेगळा करार लागला, २०१५ चा. तो १०,००० पौंडांवरच्या आणि २०१० नंतरच्या मॉडेलांसाठी, आणि ऐच्छिक. २०२० मध्ये त्याच राज्यात गाडी बिनतारी पाठवते त्या माहितीच्या हक्कासाठी सुमारे ७५ टक्के मते पडली. जून २०२३ मध्ये केंद्रीय वाहनसुरक्षा यंत्रणेने उत्पादकांना तो कायदा पाळू नका असे पत्र लिहिले, आणि ऑगस्टमध्ये भूमिका बदलली. युरोपने हा प्रश्न वेगळ्या दाराने सोडवला: अवजड वाहनांच्या युरो ६ मानकाचा २००९ चा नियमच दुरुस्तीची माहिती खुली करण्याची अट सोबत घेऊन आला. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून माहिती खुली करणारी योजना आहे, पण ती ३.५ टनांपर्यंतच्या वाहनांसाठी. मोठा ट्रक पुन्हा बाहेर.

२०१८ नंतर अमेरिकेतला अपवाद २०२१ आणि २०२४ मध्ये कायम राहिला. एक गाठ मात्र तो सोडवू शकत नाही. कुलूप उघडायला परवानगी आहे, पण ते उघडणारे साधन बनवून विकायला बंदी करणारे कलम वेगळे आहे, आणि त्याला अपवाद देण्याचा अधिकार या ३ वर्षांच्या फेरीला नाही. त्यामुळे मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला हक्क आहे, अवजार त्यांनी आपापले घडवायचे आहे. पुढची फेरी २०२७ मध्ये.