अन्न-असुरक्षिततेच्या जोखमीचे मूल्यमापन : सोलापूर जिल्हा

येत्या काही महिन्यांत कोणत्या भागातील कोणत्या घरांना पुरेसे व सकस अन्न मिळणे अवघड जाईल, याचा उपासमार दिसू लागण्यापूर्वीच बांधलेला अंदाज म्हणजे अन्न-असुरक्षिततेच्या जोखमीचे मूल्यमापन. पीक किती आले, हा त्यातला पहिला प्रश्न. बाजारात आलेले धान्य घेण्याची ऐपत कोणाकडे उरली, हा दुसरा. सोलापूर जिल्ह्यात या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी क्वचितच जुळतात.

जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, पण ही सरासरी फारसे काही सांगत नाही. जून-जुलै कोरडे जाऊन सप्टेंबरात चांगला पाऊस झाला, तर रब्बी ज्वारी साधते. एकूण आकडा तोच, पण पाऊस ऑगस्टातच संपला, तर शाळूची, म्हणजे याच रब्बी ज्वारीची, पेरणी ओलीअभावी अडते. पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि पुढचे सारे पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. त्यामुळे पर्जन्यमापकाइतकीच जमिनीची खोलीही पाहावी लागते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात एकदा भरलेली ओल काढणीपर्यंत पुरते, तर सांगोल्याच्या मुरमाड माळावर तेवढ्याच पावसात कणीस भरत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवडलेला ३५-१ हा वाण याच कोरडवाहू परिस्थितीसाठी होता. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मंगळवेढ्याचेच दामाजीपंत या विषयात वारंवार आठवतात. बहमनी राजवटीतल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार लोकांना मोकळे केले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची किंमत भरली, ही कथा घरोघरी माहीत आहे. मूल्यमापन करणाऱ्याला तिच्यातली वेगळीच गोष्ट दिसते : धान्य मंगळवेढ्यातच होते, कोठाराला कुलूप होते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे मांडलेला हक्कदारीचा विचार याच्याजवळचा आहे. प्रदेशात धान्य असूनही ते मिळवण्याचा मार्ग बंद झाला की माणूस उपाशी राहतो. १९७२ च्या दुष्काळात राज्यातले पीक बुडाले, तरी खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर मजुरी मिळत राहिली, म्हणून मोठी मनुष्यहानी टळली. तेव्हा वाटलेली लाल मिलो ही परदेशी ज्वारी आणि सुकडी हा पूरक आहार यांची चव त्या पिढीने अजून विसरलेली नाही. या कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला.

सरकारी मोजणीचे जुने साधन म्हणजे पैसेवारी. पीक कापणी प्रयोगांवरून प्रमाण उत्पन्न एक रुपया धरले तर गावाचे उत्पन्न किती पैसे भरते, ते काढतात. ५० पैशांच्या आत आलेले गाव टंचाईग्रस्त ठरते आणि जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्कमाफी अशा गोष्टी लागू होतात. खरीप गावांची अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरला, रब्बी गावांची १५ मार्चला येते; म्हणजे रब्बीच्या गावाला संकटाची अधिकृत वर्दी मिळते तेव्हा काढणी उरकलेली असते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट व खंड, पेरणीक्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओल आणि जलसाठे एकत्र पाहून तालुक्याचा निर्णय घेण्याची पद्धत आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातले जे ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांत बार्शी, माढा, करमाळा, सांगोला व माळशिरस होते. दोन्ही पद्धती रान मोजतात. ताट मोजण्याची सोय त्यांत नाही.

उजनीमुळे हिशेब आणखी गुंततो. भीमेवरचे हे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे धरण पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पावसाने भरते. सोलापूरच्या आभाळाशी त्याचा संबंध थोडाच. सांगोला कोरडा असताना उजनी काठोकाठ भरलेली असू शकते. मृतसाठाच, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, ६३ टीएमसीच्या वर असल्याने पाणी त्याखाली गेले की टक्केवारी उणे लिहितात. ‘उजनी मायनसमध्ये’ हा मथळा इथल्या वाचकाला नवा नाही. कालव्याखालचा ऊस आणि कारखाने यांनी जिल्ह्याची सरासरी वर जाते, पण उसाच्या बागायतदाराचे उत्पन्न कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणगीत पडत नाही. म्हणून जिल्हा किंवा तालुका हे एकक ढोबळ ठरते. मूल्यमापन निदान महसूल मंडळापर्यंत, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटापर्यंत, शक्य तर गावापर्यंत उतरायला हवे.

ब्रिटिश काळातल्या १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांत धोक्याची काही लक्षणे नोंदली आहेत : धान्यबाजारातली अस्वस्थ उलाढाल, उधारी आटणे, चाऱ्यासाठी कळप हलणे, माणसांची विनाकारण वाटणारी भटकंती. त्यांची सोलापुरी रूपे आजही ओळखू येतात. कडब्याच्या पेंढीचा भाव दिवाळीतच चढला, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात दुभती जनावरे आणि खिलार खोंडे एकदम वाढून दर पडला, दुकानदाराने वहीवर माल देणे थांबवले, ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) घेणाऱ्यांत पूर्वी कधी न गेलेली घरे दिसू लागली, की समजावे. टँकरची संख्या वर्तमानपत्रात ठळक येते, मात्र ती बरीच उशिराची खूण आहे. ज्वारीऐवजी सोयाबीन किंवा ऊस घेतलेल्या गावात धोक्याचे आणखी एक दार उघडते : कडबा घरचा उरत नाही आणि धान्यही विकतच घ्यावे लागते. सांगोल्यात डाळिंबावर तेल्या, मर आणि खोडकिडा पडून बागा काढाव्या लागल्या, तिथे पाऊस बरा असूनही घराची खरेदीची ताकद गेली होती. सोलापूर शहरातल्या विडी कामगार आणि यंत्रमागावरच्या घरांनाही हेच लागू. त्यांच्याकडे शेत नाही, त्यांचे सारे काही धान्याचे भाव आणि रोजगार यांवर अवलंबून.

घरातली स्थिती मोजण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची मापनपट्टी वापरतात. ‘अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का?’ इथून सुरुवात होऊन ‘दिवसभर काहीच खाल्ले नाही असे झाले का?’ इथवर प्रश्न चढत जातात. प्रश्न कोणाला विचारले, यावर बरेच ठरते. आधी वरण पातळ होते, मग घरचे दूध डेअरीला जाऊ लागते आणि शेवटी सर्वांना वाढून उरेल ते बाईच्या वाट्याला येते. कुटुंबप्रमुखाच्या उत्तरात यातले शेवटचे येईलच असे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. पोट भरण्याचा तळ त्याने सांभाळला आहे. डाळ, तेल, भाजी यांचा प्रश्न मात्र त्याबाहेर राहतो. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या घराने तिथल्या दुकानात आपले धान्य प्रत्यक्षात उचलले का, हेही पाहावे लागते.

कोणत्या महिन्यात पाहणी करायची, हे सहसा चुकते. रब्बी फेब्रुवारीत बुडाली, तरी मागची ज्वारी आणि उन्हाळ्यातली कामे यांवर घर काही महिने तग धरते. खरी ओढाताण जुलै ते सप्टेंबरात होते : कणगी रिकामी, बी-खतासाठी काढलेले कर्ज, शाळेचा खर्च आणि नवे धान्य दूर. नेमके याच सुमारास पहिला पाऊस पडलेला असतो, चारा छावण्या उठलेल्या असतात, टँकर थांबलेले असतात आणि शिवार हिरवे दिसत असते.