टाकीतली ती पांढरट कोळंबी मेलेली असतेच असे नाही

‘मासे-कोळंब्या पाळायच्या काचेच्या टाकीच्या तळाशी पांढरट कोळंबी निपचित दिसली, की ती मेली; सगळे पाणी ताबडतोब बदला,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. काळजीपोटी तो पाळला जातो, पण बहुधा ती कोळंबीने टाकलेली कात असते. चेरी कोळंबीचे (टाकीत पाळली जाणारी छोटी, बहुधा लाल कोळंबी) कवच वाढत नाही, म्हणून वाढताना ती ते उतरवते आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत शेवाळात दडून राहते. चिमट्याने उचलून पाहावे: कात पोकळ, पारदर्शक आणि पाठीवर डोक्यामागे उकललेली असते, मेलेल्या कोळंबीत मांस असते व ते दुधाळ किंवा गुलाबी दिसते. कात तशीच राहू द्यावी, कोळंब्या ती खातात. सगळे पाणी एकदम बदलणे मात्र खरोखरच घातक, कारण पाण्यातला अचानक बदल कोळंब्यांना सोसत नाही, आणि नुकती कात टाकलेल्या कोळंबीचे तर अंग मऊ असते.