कर्मचारी नुकसानभरपाई कायदा

कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघातात कामगार जखमी झाला किंवा दगावला, तर मालकाने द्यायच्या भरपाईसंबंधीचा, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला भारतीय कायदा. १९२३ साली संमत होऊन तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे जखमी माणसावर नाही, हा त्याचा कणा. कर्मचारी राज्य विमा योजनेतील विमाधारकांना लाभ त्या योजनेतूनच मिळतो. हा कायदा उरलेल्यांसाठी होता.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, तर कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम धरून तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ असतो, पुढे वयाबरोबर उतरत जातो. अंशतः अपंगत्वासाठी अवयवनिहाय टक्क्यांचा तक्ता ठरलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असे मानतात. पण तक्ता म्हणजे सगळे नव्हे. डावा हात कोपराच्या वरून गमावलेला सुतार पुन्हा सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे नुकसान १०० टक्के, असे सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या निकालात मान्य केले.

कायद्याची व्याप्ती हळूहळू वाढत गेली. २००० च्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगारांना वगळणारी अट गेली. २००९ च्या दुरुस्तीने, जी १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली, ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ आला आणि कारकुनी कामे करणाऱ्यांवरची बंदी उठली. मृत्यूची किमान भरपाई ८० हजारांवरून १ लाख २० हजार रुपये झाली. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. २०१७ पासून कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती देणे मालकाला बंधनकारक झाले.

खरी अडचण हिशेबात धरायच्या वेतनाच्या मर्यादेची. प्रत्यक्ष पगार कितीही असो, २०१० पासून दरमहा ८,००० रुपयेच धरले जात. ही मर्यादा १५,००० व्हायला जानेवारी २०२० उजाडले. मधल्या काळात महागाई काही थांबली नव्हती. नव्या मर्यादेने तीस वर्षांच्या कर्मचाऱ्याच्या वारसांना जास्तीत जास्त १५,५९,८५० रुपये मिळतात. जुन्या मर्यादेने हीच रक्कम ८,३१,९२० होती.

भरपाई महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. मृत्यूच्या प्रकरणात पैसे भरपाईचे दावे ठरवणाऱ्या आयुक्तांकडेच जमा करावे लागतात. घरच्यांच्या हातावर परस्पर रक्कम ठेवून मालक मोकळा होऊ शकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि या विषयाच्या तरतुदी तिच्यात गेल्या. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, कामाशी त्याचा वेळ, स्थळ व परिस्थितीचा संबंध असेल तर, कामावरचाच मानावा असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२५ च्याच जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यालाही हाच अर्थ लावला होता. प्रकरण मराठवाड्यातले. साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि बावीस वर्षांनी तो पुन्हा कायम झाला.